मानाची किटली

मी एक दुधाची किटली बोलतेय. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, दहा लिटरची, पोटाशी एक पोचा असलेली. वरकुटे गावात सावळारामच्या ओसरीवर मी वीस वर्षांहून जास्त काळ खुंटीला टांगून होते. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मला दाखवायचे. गावात एवढा मान दुसऱ्या कुठल्या भांड्याला मिळाला नसेल. पण दुधाचा थेंब काही माझ्या वाट्याला आला नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. सावळारामच्या घरच्यांनी मेंढरं विकून म्हशी घेतल्या, तेव्हा त्यानं मला बारामतीच्या बाजारातून आणलं. फाटक्या ट्यूबच्या पट्टीनं मी सायकलच्या कॅरिअरला बांधली जायची आणि रोज सकाळी दुधाची गाडी सुटायच्या आत आम्ही डेअरी गाठायचो. वाटेत कधीमधी माझ्या पोटात कालव्याचं पाणीही पडायचं. पण ते सगळ्याच किटल्यांच्या पोटात पडायचं, त्यामुळं आम्हाला त्यात काही वाटत नसे.

चौऱ्याहत्तर साली काही हौशी मंडळींनी दूधवाल्यांची सायकल शर्यत भरवली. बारामती ते इंदापूर. अट एकच. कॅरिअरला नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली किटली बांधायची. इंदापुरात पंच तिच्यात खुणेची काठी घालून बघणार, पाणी कमी भरलं तर गडी बाद. गुलाल उधळला, शर्यत सुटली आणि पंचांची जीप धुरळा उडवत जी पुढं गेली ती थेट इंदापुरात जेवायलाच थांबली.

बारामती मागं पडली, रस्ता मोकळा झाला, तसा सावळारामनं ब्रेक दाबला. मला वाटलं चेन पडली. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, माझं झाकण काढलं आणि मला एका लिंबाच्या बुंध्याशी उपडं केलं. लिंबाचं तेवढं कल्याण झालं. मग मी रिकामी खडखडत निघाले आणि सावळाराम शिट्टी वाजवत निघाला. निमगावच्या अलीकडं कालव्याचा फाटा लागला, तिथं त्यानं मला बुडवून पुन्हा काठोकाठ भरलं. इंदापुरात काठी खुणेपर्यंत भिजली. सावळाराम पहिला, त्याचे जोडीदार रावजी आणि भिमा दुसरा-तिसरा. फेटा बांधला, हार घातला, फोटो काढला. फोटोत मीही आहे, जरा ओली दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावळारामची नवी नवरी विजयमाला मला घासायला बसली. तिनं झाकण काढलं तर तळाशी उरलेल्या पाण्यात बोटभर मासळी फिरत होती. बारामतीच्या नळाला मासळी येत नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही. विजयमालानं मासळीकडं बघितलं, ओसरीवर मिशीला पीळ देत बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं आणि मासळी गुरांच्या हौदात सोडून दिली. पुढं ती चांगली वीतभर झाली. सावळाराम एकदा म्हणाला, "हौदात मासळी कुठनं आली गं?" ती म्हणाली, "आली असंल वाट चुकून."

त्या दिवसापासून मी खुंटीवर गेले. रोज संध्याकाळी रावजी आणि भिमा यायचे, विजयमाला चहा करायची आणि शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुटायची. पहिल्या वर्षी गोष्टीत नुसतं ऊन होतं. ऐंशीच्या सुमारास समोरून वारं सुटलं. मग चढ आला. त्या सपाट रस्त्यावर तो कुणी बांधला देव जाणे. त्र्याण्णव साली भिमाच्या दोन्ही चाकांतली हवा गेली आणि तरी तो तिसरा आला. पंच्याण्णव साली रावजीच्या मागं लांडगा लागला. तिघांचीही पोटं सुटली होती आणि सायकलवरून ते आता फक्त दाढी करायला जायचे, पण ओसरीवर बसले की पाय आपोआप पायडल मारायला लागायचे.

"आत्ताच्या पोरांना काय कळणार," रावजी म्हणायचा. "भरली किटली घिऊन धावलोय आमी. हवा मारली न्हाय."

विजयमाला मात्र रोज डोक्यावर बादली घेऊन डेअरीला जायची. बादलीला झाकण नाही, वर फडकं. पाय अडखळला की दूध पदरावर. तिनं किती वेळा मागितलं मला! "अवं, ती किटली द्या की काढून. दूध हिंदकळतंय रोज."

"खुळी हायस का?" सावळाराम म्हणायचा. "मानाची किटली हाय ती. तिच्यात दूध घालायचं?"

हे ऐकून माझा जीव जळायचा. अरे बाबा, किटलीत दूध नाही घालायचं तर काय, लोणचं?

सत्त्याण्णवच्या चैत्रात पुतण्या ऋषिराज जत्रेच्या कमिटीत आला आणि त्याच्या हातात माईक आला. पहिल्याच दिवशी त्यानं पुकारलं, "आपल्या गावची शान, चॅम्पियन सावळाराम तात्या आणि त्यांचे दोन जोडीदार, पुन्हा एकदा शर्यतीच्या मैदानात!" वयाकडं बघून रस्ता कमी केला होता, वरकुटे ते इंदापूर. सावळारामच्या तोंडचं पाणी पळालं. पण अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं, नाही कसं म्हणणार? आणि वाटेत कालव्याचा फाटा आहे, हेही त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात विजयमाला उठली. जन्मात माईकजवळ न गेलेली बाई ऋषिराजच्या हातातून माईक घेऊन म्हणाली, "चॅम्पियन लोकं हायत, नुसतं पाणी कशाला वाहायचं? उद्या जत्रंमुळं डेअरीचा टेम्पो न्हाय. आमच्या घरचं, रावजीभावजींच्या घरचं, भिमाभावजींच्या घरचं दूध इंदापूरला पोचवा की. आन् आमचे हे पयले आले तर किटली ऱ्हाऊ द्या खुंटीला. न्हाय आले तर ती माझी."

पुन्हा टाळ्या पडल्या. सावळारामनं टाळी वाजवली नाही.

सकाळी विजयमालानं मला खाली काढलं आणि राखेनं लख्ख घासलं. मग धारेचं कोमट दूध माझ्या पोटात पडलं. खरं सांगते, भांड्याला रडता आलं असतं तर मी रडले असते. इतकी वर्षं हार-फुलं झाली, पण अशी ऊब कधी मिळाली नव्हती.

शर्यत सुटली. पहिल्या मैलातच सावळारामच्या छातीचा भाता फुलला, दुसऱ्या मैलात त्याला देव आठवला. कालव्याचा फाटा दिसला तशी सायकल आपोआप थांबली. त्यानं पट्टी सोडली, झाकण काढलं. "निम्मं वतावं, म्होरं पाणी घालावं," असं पुटपुटला आणि थबकला. डेअरीत आता काचेची नळी बुडवून दुधाची डिग्री बघतात. पाण्याचं पाप तिथं लगेच उघडं पडतं. घरच्या दुधाकडं बघत तो काठावर बसून राहिला.

मागून रावजी आला. आता हा पुढं निघून जाणार म्हणून मी जीव मुठीत धरला, तर तोही उतरला आणि आपल्या किटलीची पट्टी सोडायला लागला. मग त्याचं लक्ष सावळारामकडं गेलं.

"का थांबलास?" सावळारामनं विचारलं.

"चेन पडली. तू?"

"माझी बी."

दोघांच्याही चेना जागेवर होत्या. इतक्यात भिमा धापा टाकत आला, खाली मान घालून उतरला, किटलीचं झाकण काढलं आणि मग त्याला हे दोघं दिसले. तो मटकन खाली बसला.

"चौऱ्याहत्तरला बी म्या हेच केलं, गड्यांनो," तो डोळे पुसत म्हणाला. "तुमी भरल्या किटलीनं म्होरं गेला, आन् म्या रिकामी पळवली. आजपातूर तुमच्याम्होरं मान वर करून बसलो न्हाय."

मला त्याची दया आली. मग रावजीनं हळूच विचारलं, "कुठं वतलीस?"

"पिंपळापाशी."

"म्या वढ्यात."

"म्या लिंबाला घातली," सावळाराम म्हणाला.

वाटलं, आता गळ्यात गळे घालतील, हसतील आणि वाटेला लागतील. पण रावजीची मान ताठ झाली. "वढा लिंबाच्या बराच म्होरं हाय. म्हंजे तुज्यापरीस जास्त पाणी म्या वाहिलं!"

"पिंपळ तर त्याच्या बी म्होरं," भिमा उसळला. मघाचे अश्रू वाळले होते. "मग खरा चॅम्पियन म्या!"

सावळारामला हे कसं सोसावं? कालवा कुणी आधी गाठला, कुणाची किटली जास्त भरली होती, यावर जुंपली. रिकामी किटली सगळ्यात कमी कुणी पळवली याची ती शर्यत होती, आणि तिच्यात तिघंही जीव तोडून पळत होते. ऊन डोक्यावर आलं. आम्ही तिन्ही किटल्या उघड्या झाकणांनी उन्हात तापत होतो. माझ्या पोटात काय होतंय ते मला कळत होतं, पण सांगणार कुणाला?

शेवटी तिघांचं ठरलं की बरोबरीत पोचायचं आणि समोरून वारं होतं म्हणून सांगायचं. सायकली हातात धरून ते इंदापूरच्या डेअरीपुढं आले. विजयमाला आणि ऋषिराज एस.टी.नं आधीच पोचले होते. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"लई वारं होतं," सावळाराम म्हणाला.

विजयमालानं माझं झाकण काढलं, वास घेतला. तिचा चेहरा पडला. तीन घरचं सकाळचं दूध नासलं होतं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि ती हसलीही नाही.

"चौऱ्याहत्तरला नळाचं पाणी नेलं, तर किटलीत जिती मासळी घिऊन आलात," ती म्हणाली. "आज नुसतं दूध आणायचं होतं, ते बी मारून आणलंत."

"कसली मासळी, काकी?" ऋषिराजनं विचारलं.

"इचार तुज्या तात्याला. हौदात वाढवलीया म्या."

सावळारामनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच चुगली केली. रावजी आणि भिमा चपलांकडं बघत होते. विजयमालानं नासलेलं दूध ओतलं, मला नळाखाली विसळलं आणि काखेत मारून एस.टी.त जाऊन बसली.

आता रोज सकाळी मी तिच्याबरोबर डेअरीला जाते. झाकण घट्ट असतं, पदरावर थेंब सांडत नाही. खुंटीवर ती जुनी बादली लटकते. तिघं संध्याकाळी अजून येतात, पण शर्यतीचा विषय निघाला की विजयमाला आतून नुसतं विचारते, "चहा ठिवू का मासळी?" आणि गोष्टीतलं वारं एकदम पडतं.

तिची धार काढून झाली, हाक येईल एवढ्यात. निघते मी. तुमच्याही घरी खुंटीला काही मानाचं टांगलेलं असेल, तर एकदा खाली काढा आणि झाकण उघडून बघा. मासळी निघालीच तर तिला हौदात सोडा, बिचारीचा काय दोष? आणि किटली तेवढी बायकोच्या हातात द्या.