नमुन्याची खोली

सुलेखाताईंना माणसं सांभाळता येतात, असं अख्खं संभाजीनगर म्हणतं. म्हणणाऱ्याचं काय जातंय! शहरात ताईंनी काढलेल्या नकाशांवर कितीतरी घरं उभी राहिली. पण त्यांच्या स्वतःच्या घरी कुणी चहाला आलेलं शेजाऱ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लग्न केलं नाही, ते केलंच नाही. आई होती तोवर निदान भांडायला तरी कुणी होतं. आई गेली आणि घर नुसतं गप्प बसलं. ताई त्यावर कधी बोलल्या नाहीत, कारण बोलायचं तर कुणाशी?

त्यांना राग मात्र एका गोष्टीचा लई. शहरात मोठं काम निघालं की ते पुण्या-मुंबईच्या कंपनीकडं जायचं. खिडक्या तिकडून ट्रकनं यायच्या, दगड तिकडून यायचा, पडदेसुद्धा तिकडून! आणि इथले कारागीर त्याच इमारतीत माल उतरवायला. "आपल्या लोकांना काय हात नाहीत का?" ताई भर मीटिंगमध्ये विचारायच्या आणि लोक चहाच्या कपात बघत बसायचे.

मग पडेगावात मुलींचं वसतिगृह निघालं. संस्थेचे तात्यासाहेब माणूस तिरसट, पण सरळ. ते म्हणाले, "बाई, तुमची माणसं घेऊन एक खोली नमुन्याची बांधून दाखवा. पसंत पडली तर सगळं काम इथल्यांना. नाही पडली तर पुण्याची कंपनी तयार आहे. मग माझ्याकडं कुरकुर करायची नाही."

ताईंनी माणसं जमवली. दगडकामाला पडेगावचाच रामकिसन. लोखंडी खिडक्यांना धम्मपाल, त्याचं वर्कशॉप चिकलठाण्याला. पडद्यांना पैठणच्या वच्छलाबाई, हातमागावर बसणाऱ्या. आणि पहिल्याच बैठकीत जुंपली की हो! आधी दगड बसवायचा की आधी चौकट, यावरून.

"दगडाबिगर तुमची चौकट काय हवेत उभी करता का?" रामकिसन म्हणाला.

"अन् तुमच्या वाकड्या दगडापायी मी लोखंड कापत बसू व्हय?" धम्मपाल कडाडला.

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. ताईंनी त्याच दिवशी ठरवलं, यांना पुन्हा समोरासमोर आणायचं नाही. नकाशा सगळ्यांना एकच दिला आणि कामाचे दिवस वेगळे केले. हा आला की तो नाही. मग काय, सगळ्यांचे फोन ताईंनाच. "ताई, त्यांना विचारा ना, दगड कधी बसतोय." "मॅडम, त्यांना सांगा, जरा दमानं घ्या म्हणावं." ताई याचं त्याला सांगायच्या, त्याचं याला. वैताग आला असं तोंडानं म्हणायच्या. खरं सांगायचं तर आवडत होतं त्यांना. घरात जेवताना फोन वाजला की तेवढाच घास गोड लागायचा.

तात्यासाहेब संध्याकाळी येणार, त्या दिवशी ताई सकाळीच रिक्षानं पडेगावला गेल्या. आदल्या दिवशी धम्मपालची माणसं खिडकी पाचरींवर टेकवून गेली होती. ताईंनी दार उघडलं आणि त्या तडक खिडकीशी गेल्या. दगड आणि चौकट यांच्यामध्ये चारी बाजूंनी फट. अशी की बोटं घाला आणि बाहेरची हवा चाचपा.

त्यांनी रामकिसनला फोन लावला. "मॅडम, मी जरा सैल ठेवला," तो म्हणाला. "त्यांची चौकट मोठी निघाली अन् दगड फुटला, तर नाव कुणाचं जाईल?"

धम्मपाल म्हणाला, "मी जरा बारीक केली, ताई. दगडवाल्याचा काय भरवसा?"

वच्छलाबाईंनी तर कमालच केली. "तुमच्या दोघा गड्यांची मापं मी धरलीच नाय, बाई. पडदा वीतभर जास्तीच विणला."

ताईंनी नकाशा उघडून पुन्हा ताडून बघितला. नकाशात चूक नव्हती. कारागिरांचे हातही चुकले नव्हते. प्रत्येकानं समोर नसलेल्या दुसऱ्या माणसाच्या भीतीनं आपली जागा राखली होती. आणि त्याला समोर येऊ दिलं नव्हतं कुणी? आपणच. सगळे आपल्याला ओळखतात, एकमेकांना कुणी ओळखत नाही, आणि हे आपल्याला बरं वाटत होतं. ताईंना स्वतःची लाज वाटली. पण लाजून काम थोडंच होणार होतं! त्यांनी तिघांनाही फोन केले. "असाल तसे निघा. भांडायचं असेल तर इथं येऊन भांडा."

दुपार व्हायच्या आत तिघं खोलीत, धम्मपाल टेम्पोतून माणसं घेऊन, वच्छलाबाई पैठणहून जीपनं. भांडण झालंच, ते काय सुटतंय! आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं डोकावून गेली. शेवटी वच्छलाबाईंनी त्या फटीत अख्खी बोटं घातली आणि म्हणाल्या, "आगं बया! ही खिडकी हाय का मांजराची वाट?"

आधी धम्मपालला हसू फुटलं. रामकिसननं दाबून धरलं होतं, त्यालाही आवरेना.

"ह्याच दगडाच्या पट्ट्या कापून भरतो," तो म्हणाला.

"नुसत्या पट्ट्या राहायच्या नाहीत, भाऊ. मागून लोखंडी पकड देतो मी. तुम्ही धरा, मी ठोकतो."

आणि लागले की कामाला! कटरची धूळ उडाली. वच्छलाबाईंनी जास्तीचं कापड कापून खिडकीतल्या बैठकीला गादीची खोळ शिवायला घेतली. ताई धम्मपालला म्हणाल्या, "माप सांगू का?"

"नको ताई," धम्मपाल मान वर न करता म्हणाला. "हे हायेत ना हितंच, त्यांनाच विचारतो."

बरोबर होतं त्याचं. हेच तर हवं होतं ताईंना. तरी जिवाला लागलं. त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि आपले हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

संध्याकाळी तात्यासाहेब आले. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. बैठकीवर बसले, पट्टीवरून बोट फिरवलं. "ही कल्पना कुणाची?"

रामकिसननं धम्मपालकडं बोट दाखवलं, धम्मपालनं वच्छलाबाईंकडं, वच्छलाबाईंनी रामकिसनकडं.

"बरं," तात्यासाहेब उठले. "सगळं वसतिगृह तुमचं. उद्यापासून लागा."

ते गेले आणि बाहेर एकच कल्ला उठला. वच्छलाबाई रडत होत्या, हसतही होत्या. "चला, सगळे माझ्या घरी, जेवायला!" रामकिसन ओरडला. ताई खिडकी लावायला आत वळल्या. बाहेर टेम्पो सुरू झाला, जीप सुरू झाली. ताई बाहेर आल्या तेव्हा दोन्ही गाड्या रस्त्याला लागल्या होत्या. टेम्पोवाल्यांना वाटलं ताई जीपमध्ये, जीपवाल्यांना वाटलं टेम्पोत.

ताई तिथंच उभ्या राहिल्या. एवढा आनंदाचा दिवस त्यांच्या आयुष्यात आला नव्हता आणि एवढं एकटंही त्यांना कधी वाटलं नव्हतं, आई गेली त्या दिवशीसुद्धा.

थोड्या वेळानं फोन वाजला. "ताई, कुठं हाय तुम्ही?" धम्मपाल. मागं भांड्यांचा आवाज, हसण्याचा आवाज.

"तुम्ही जेवा रे. मला घरी काम आहे." जन्मभर घोकलेलं वाक्य आपोआप तोंडातून निघालं.

"बरं, ताई," तो म्हणाला. त्याला ते खरं वाटलं. का वाटू नये? ताई नेहमी असंच म्हणायच्या.

फोन बंद झाला. ताईंनी तो पर्समध्ये टाकला, पुन्हा काढला. त्यांनी नंबर लावला.

"धम्मपाल," त्या म्हणाल्या, "मला काहीही काम नाही. मी पडेगावातच आहे, खोलीसमोर. भूक लागलीय मला. घ्यायला ये."

पलीकडं तो कुणाला तरी हाक मारत धावत सुटल्याचं ऐकू आलं. ताई पायरीवर बसल्या. कुणाची वाट बघायची सवय नव्हती, त्यामुळं रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा दिवा त्यांना आपल्यासाठीच आलेला वाटत होता.