उदगीरच्या गल्लीतला बोटीवरचा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, तोही बोटीवरचा, आणि राहतो उदगीरला. हसा, सगळेच हसतात! मुंबईच्या एका मासेमारी बोटीवर मी वादळाच्या खबरा ऐकवत असे. बोट मोडीत निघाली तेव्हा धान्याचे आडते गुरुपादप्पा यांनी मला तिथल्या भंगार बाजारातून उचलून उदगीरला आणलं. गाणी झकास लागतील असं त्यांना वाटलं होतं. गाणी कसली लागतात! माझ्यावर लागायचा तो पोलिसांचा वायरलेस.

तेव्हा लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षंच झाली होती आणि दुष्काळ पडला होता. कुठला टँकर कुठं निघाला, हे गुरुपादप्पांच्या पत्नी दानम्मा माझ्याकडूनच ऐकत. वायरलेस ऐकणं गुन्हा, म्हणून मला ज्वारीच्या पोत्यांमागे दडवून ठेवत. मला भारी राग यायचा.

एका दुपारी गल्लीत टँकर आला. चार दिवसांनी पाणी आलं होतं, बायका घागरी घेऊन धावल्या. तेवढ्यात वायरलेस बोलला, "उदगीरला गेलेला हिरवा टँकर थांबवा. त्यात आधी फवारणीचं औषध होतं. पाणी कुणाला पिऊ देऊ नका."

दानम्मा ताडकन उठल्या. गुरुपादप्पा दारात आडवे आले. "कुठं ऐकलं म्हणून सांगशील? मला बेड्या पडतील की!"

"पडू द्या. लेकरं पितील ते पाणी!"

त्यांना बाजूला सारून दानम्मा बाहेर धावल्या आणि पाणी सांडून द्या म्हणाल्या. पण त्यांचं ऐकतो कोण? शेजारच्या केवळाबाईंनी तर भरली घागर कवटाळलीच. "माझी लेक तापानं फणफणून राहिली, घोटभर पाणी न्हाई घरात. अन् तू सांडा म्हणतीस? येडी झालीस काय गं?"

दानम्मांनी घरात येऊन मला उचललं, टँकरच्या चाकाशी ठेवलं आणि आवाज पूर्ण वाढवला. तोच निरोप पुन्हा आला. मी जीव खाऊन ओरडलो. रांगेत पोलीस जमादार रामकिशनही कॅन घेऊन उभे होते. बायका टँकरपासून मागे सरल्या.

केवळाबाईंनी घागर पालथी केली. पाणी मातीत जिरलं आणि त्या मटकन खाली बसल्या. मला फार वाईट वाटलं.

जमादार माझ्याकडे वळले. गुरुपादप्पांनी हात जोडले. झालं, आता आपली जप्ती, असं मी धरून चाललो. जमादार कॅनवर बसले आणि म्हणाले, "बंद करू नका, आप्पा. दुसरा टँकर कुठवर आलाय, ते ऐकू द्या."

अख्खी गल्ली माझ्याभोवती बसली. टँकर वाटेवरच्या नळेगावला पोचल्याची खबर आली, तेव्हा केवळाबाईंनी आधी माझ्यावरची धूळ पदरानं पुसली, मग घागर उचलली.

मित्रांनो, आता माझ्यात कुणी सेल घालत नाही. तुमच्या घरी असा एखादा म्हातारा रेडिओ असेल तर त्याला भंगारात देऊ नका, अधूनमधून पुसत जा. आणि पाण्याजवळ कुणी 'थांबा' म्हणालं, तर घागर खाली ठेवून आधी ऐकून घ्या. केवळाबाईंची ती लेक आज दोन लेकरांची आई आहे.