घेतोस की सोडतोस?

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, आणि सध्या एका टेबलाच्या आखूड पायाखाली दबून पडलो आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात, सुस्कारे सोडतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं फिरलेलं आहे, आणि ते का फिरलं तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या एका दुकानात झाला. दुकान दोन भावंडांचं, थोरली ताई आणि धाकटा भाऊ. एकदा पुस्तकं दाबायच्या जुन्या यंत्राची मूठ मोडली. ताईने त्या मुठीतून चौकोनी तुकडा कापला, पॉलिश पेपरने सहाही बाजू घासल्या आणि पुस्तकांच्या पाठीवर आकडे उठवायचे पितळी ठसे तापवून माझ्यावर दाबले. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. चांगलंच भाजलं मला. चौसष्टातला सहा जरा तिरका आहे, कारण ऐन वेळी गिऱ्हाईक आलं.

बॅकगॅमनच्या पटावर मी असतो. दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे, आणि ज्याच्या सोंगट्या आधी सुटतील तो जिंकला. माझं काम वेगळं. डाव आपल्या बाजूने झुकला असं ज्याला वाटतं, तो फासे टाकण्याआधी मला समोरच्याकडे सरकवतो. म्हणजे लावलेलं दुप्पट करू या का, असं विचारतो. समोरच्याने मला घेतलं तर डाव दुपटीने चालतो आणि पुढची दुप्पट मागायचा हक्क त्याचा. सोडलं तर जेवढं लागलं होतं तेवढंच गमावून तो मोकळा. जन्मभर मी हा एकच प्रश्न विचारला आहे. घेतोस की सोडतोस?

ताई दुपारच्या सुट्टीत कागदवाल्याशी खेळायची. तो दुकानाला कागद पुरवायचा. दर डावाला एक रीम कागद पणाला लागायचा, जास्त नाही. आणि ताईचा एक नियम होता. जो सोडेल त्याने चहा टाकायचा.

"म्हणजे सोडणाऱ्याचं तोंड पडायला नको," ती म्हणायची. "हातात काम असलं की माणूस फुरंगटून बसत नाही."

ती स्वतः कितीदा तरी सोडायची आणि हसत स्टोव्हकडे जायची. धाकट्याला तिने दोऱ्याची रिळं मांडून हिशेब शिकवला होता. "हे बघ. चार डाव सोडलेस तर चार रिळं गेली. चारही घेतलेस, तीन हरलास, तर सहा गेली. एक जिंकलास, तर दोन परत आली. गेली किती? चारच. म्हणून चारातला एक डाव जिंकायची आशा असेल तर घे. तेवढीही नसेल तर सोड आणि चहा टाक. यात अब्रूचा प्रश्न कुठे आला?"

इतकं सोपं होतं, मित्रांनो. दोऱ्याच्या रिळांना कळेल इतकं सोपं.

पुढे ताईच्या डोळ्यांपुढे धुकं धरू लागलं. बारीक शिवण तिला दिसेना, पटही दिसेना. मग तिच्या खुर्चीवर धाकटा बसला. पहिल्याच आठवड्यात त्याने एक डाव सोडला, तोही बरोबर सोडला. कागदवाला सहज थट्टेत म्हणाला, "वा धाकटेराव, चहा तुम्हीच टाका. ताईंचीच चव आहे तुमच्या हाताला."

झालं. आपण ताईसारखे चहा टाकणारे ठरलो, हे गडी मनाला लावून बसला. त्या दिवसापासून त्याने एकदाही मला सोडलं नाही. मी प्रश्न विचारायच्या आधीच हा हात पुढे करायचा. अशाने का कुणी खेळतं? विचारणाऱ्याचं तरी पुरतं ऐकून घ्यावं!

आणि तो कागदवाला, तो तर बारा गावचं पाणी प्यायलेला. नेहमीच्या खेळात दुप्पट वेळेवर मागावी लागते, फार थांबलं तर समोरचा सोडून जातो. पण जो कधी सोडतच नाही, त्याला डाव पक्का खिशात पडल्यावरही विचारता येतं. हे त्याने हेरलं. तो निवांत थांबायचा आणि मग हसत मला पुढे सरकवायचा. त्या हसण्याने माझ्या अंगाची आग व्हायची.

हरलेलं एका डावात भरून काढायचं म्हणून धाकट्याने एका रिमाच्या जागी दहा रिमं लावली. माळ्यावर तेव्हा बेचाळीस रिमं होती. मला माहीत आहे, कारण ताईने ती सकाळीच हाताने चाचपून मोजली होती.

कागदवाल्याने लवकरच दुप्पट मागितली. धाकट्याने घेतली, वीस रिमं झाली. मग फासे त्याच्या बाजूने पडले आणि हा हुरळला. त्याची एक सोंगटी अजून मागे कागदवाल्याच्या बाजूला अडकलेली होती. ती बाहेर निघेपर्यंत थांबायचं होतं! पण नाही. याने मला तोऱ्यात उलट सरकवलं. कागदवाल्याने पट नीट पाहिला, विचार केला आणि मला घेतलं. चाळीस रिमं झाली. तीन फेऱ्यांनी ती मागे राहिलेली सोंगटी मारली गेली, आणि कागदवाल्याने आपली सहाही घरं बंद केली, म्हणजे मेलेल्या सोंगटीला पटावर परत यायला वाटच उरली नाही. मग मी पुन्हा धाकट्यासमोर आलो. आठचा आकडा वर. ऐंशी रिमं.

इतक्यात ताई कोपऱ्यातून उठून आली. पटावर वाकून तिने बोटांनी घरं चाचपली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"सहाही बंद आहेत रे. विसात एकदा जिंकशील. सोड."

"ताई, तू मध्ये पडू नकोस."

"चाळीस रिमं माळ्यावर आहेत. ती देऊन टाक. ऐंशी आणणार कुठून?"

"सोडू, आणि यांच्यासाठी चहा टाकू?"

"हो! टाक चहा!"

कागदवाला छताकडे बघत बसला. मी ओरडत होतो, सोड, अरे सोड! पण लाकडाचं ऐकतो कोण? धाकट्याने मला उचललं आणि आपल्या बाजूला आपटलं.

विसातला तो एक डाव काही आला नाही. चाळीस रिमं माळ्यावरून गेली, आणि उरलेल्या चाळिसांच्या बदल्यात कागदवाल्याने कागद कापायचं मशीन नेलं. ते मशीन ताईने घेतलं होतं. बारा वर्षं सुरीने हाताने कागद कापून, पैसा पैसा जोडून. तिच्या अंगठ्यावर सुरीचा घट्टा अजून आहे. मशीन दारातून बाहेर काढताना ती त्याच्या चाकावर हात ठेवून दुकानाच्या पायरीपर्यंत चालत गेली.

आणि धाकट्याने काय केलं? मला भिंतीवर फेकलं. "हा ठोकळाच पनवती आहे!" म्हणे. नाचता येईना आणि अंगण वाकडं! मी फासा आहे का? मी कधी कुणाचा डाव मोडला? मी फक्त विचारतो, आणि उत्तर देणारा दर वेळी माणूस असतो.

आता मशीनच्या जागी हाताने कापायचं टेबल आहे. त्याचा एक पाय आखूड निघाला म्हणून मी खाली. सहा तिरका असलेली बाजू जमिनीला टेकली आहे. सुरीचा प्रत्येक दाब माझ्या डोक्यावर येतो. धाकटा दिवसभर कापतो, मशीन तासाभरात संपवायचं तेवढं काम.

मित्रांनो, मला पुसून कपाटात ठेवा असं मी म्हणणार नाही. माझी निगा राखायची ती एवढीच, की मी समोर आलो की आधी पट बघा, आपल्या नाकाकडे नको. घ्यायचा तेव्हा बेधडक घ्या. सोडायचा तेव्हा सोडा, आणि उठा.

रोज दुपारी सुरी खाली ठेवून धाकटा उठतो. कुणी सांगत नाही, कुणी हसत नाही. तो स्टोव्ह पेटवतो, पाणी ठेवतो, पत्ती टाकतो आणि कप ताईच्या दोन्ही हातांत नीट धरवतो. बैल गेला अन् झोपा केला! खालून मी रोज मोजतो. त्या चहाला सात मिनिटं लागतात.