मामाला परत पाठवणारी बाई

एसिनाती आजीचं म्हणणं एवढंच होतं, की बालवाडीच्या बाईला कुणी रीतभात शिकवलेलीच नाही. सख्खा मामा भाचीला न्यायला फाटकात उभा, आणि ही उत्तरेकडची पोरगी आतून कडी घालून त्याला सांगते, देता येणार नाही. तेही शेंगा सोलत बसलेल्या साऱ्या बायांच्या देखत. पाणी विचारलं नाही, टेकायला चटई टाकली नाही. एखाद्या फिरत्या विक्रेत्याला घालवावं तसं त्याला घालवून दिलं.

आजी गिरणीवरून मक्याचं पीठ घेऊन आली, तोवर तिचा लेक लामेकी रागानं मोटरसायकलला लाथ मारून निघूनही गेला होता. झालेलं सगळं शेजारणीनं तिखटमीठ लावून सांगितलं. लामेकी रीतीप्रमाणे बायकोच्या गावी, डोंगरापलीकडे राहायचा. मेव्हणीच्या लग्नाला चार वर्षांच्या मदालोला न्यावं, म्हणून तो मुद्दाम आला होता. मदालोची आई, म्हणजे लामेकीची बहीण एनिफा, हमरस्त्यावर बटाटे विकायला गेलेली.

देड्झाच्या या डोंगरांत मूल आईच्या कुळाचं आणि आईच्या कुळाचा धनी मामा. आजारपण असो, लग्न असो, भांडण असो, मामाचा शब्द पडल्याशिवाय पान हलत नाही. बालवाडीची तेम्वा बाई ज्या मुलखातून आली तिथं बापाचं चालतं. तिला मामा म्हणजे नुसता पाहुणा वाटला असेल, असं शेजारीण म्हणाली. आजी म्हणाली, मग पाहुण्याला तरी पाणी देतात की नाही तिकडे?

पीठ तिथंच ठेवून ती तडक बालवाडीकडे निघाली.

जागा आजीच्या कुळाची होती, म्हणून तर बालवाडी उभी राहिली. सरकारी माणूस पाहणी करून गेल्यापासून तिथं एकेक नियम आला होता. संडासाच्या भोकावर झाकण हवं, चूल मुलांच्या खोलीपासून लांब हवी, हात धुवायला तोटीची बादली हवी. आजीनं नाकं मुरडत का होईना, सगळं चालवून घेतलं होतं. चुलीचे दगड तर तिनं स्वतः वाहून नेले. मदालो आता घरी आजीलाच हात धुतल्याशिवाय न्सिमाला, मक्याच्या घट्ट उकडीला, शिवू देत नसे, याचं तिला मनातून कौतुकच होतं. पूर्वी आया शेतात गेल्या की तान्ही पोरं त्यांच्याहून जेमतेम मोठ्या बहिणींच्या पाठीला बांधलेली असायची, हेही ती विसरली नव्हती. पण शेवटचा नियम तिला आज बाईच्या तोंडून कळला. आई ज्याचं नाव सांगेल, त्याच्याच हाती मूल द्यायचं.

एनिफानं स्वतःचं आणि आजीचं नाव सांगितलं होतं. भावाचं सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? धन्याला परवानगी देणारी ती कोण? गावातल्या एकाही आईनं आपल्या भावाचं नाव घेतलं नव्हतं, मान राखायचा म्हणून. आणि बाईनं समज करून घेतला, की या गावात मामांकडे मुलं द्यायची नसतात.

हे ऐकून दुसरी कुणी हसली असती. आजी हसली नाही. तिनं मदालोचा हात धरला आणि बाईला बजावलं, की महिना संपायच्या आत माझी जागा मोकळी कर. बाईचा चेहरा उतरला, पण तिनं वाद घातला नाही. एनिफाताईनं सांगितलं तर मामांचं नाव उद्याच जोडते, एवढं म्हणाली. त्या शांतपणानं आजी आणखीच पेटली.

दिवस मावळताना बटाट्यांचा ट्रक दारात थांबला. त्यातून लामेकी उतरला. हात गळ्यात बांधलेला, सदरा फाटलेला. आईला काही बोलू न देता त्यानं पहिल्यांदा विचारलं, मदालो कुठाय? ती चुलीपाशी भुईमूग खात बसलेली दिसली, तसा तो उंबऱ्यावरच बसला.

उतारावर ब्रेक लागलाच नाही, असं त्यानं सांगितलं. पुलाच्या अलीकडे तो एका बाजूला फेकला गेला आणि गाडी कठड्याच्या दगडावर आदळली.

"आई, तिला मी पुढे टाकीवर बसवणार होतो," तो म्हणाला. "नेहमी बसवतो तशी. ती टाकी पार चेपलीय गं."

आजीनं मदालोला उचलून मांडीवर घेतलं. पाय आधीच धुतलेले होते, तरी पुन्हा धुतले, एकेक बोट चोळून. पोर कंटाळून म्हणाली, आजी, पुरे ना. आजीनं देवाचं नाव घेतलं, गेलेल्या थोरल्यांची नावं घेतली, आणि सगळ्यांत शेवटी, ओठांतल्या ओठांत, त्या उत्तरेकडच्या पोरीचंही घेतलं.

सकाळी ती बगलेत कोंबडी धरून फाटकाशी गेली. बाई आत चटया गुंडाळत होती, आवराआवर सुरू झालीच होती. अपघाताची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. आजी काही बोलायच्या आतच तिनं सांगून टाकलं, की मला उगाच मोठेपणा देऊ नका, ब्रेकचं मला काय ठाऊक असणार, मला फक्त मामांचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. हे खोटं न बोलणं आजीला फार आवडलं. तसं तिनं दाखवलं नाही.

शेंगा सोलणाऱ्या बायांचे हात थांबले. आजीनं त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"हे बघ बाई, तू माझ्या लेकाचा अपमान केलास. केलास तो केलासच, तो काही मी पुसून टाकणार नाही. आज एनिफाला घेऊन त्याच्याकडे जायचं, गुडघ्यावर बसून त्याला पाणी द्यायचं, आणि मग ती त्याचं नाव सांगेल. तू हट्टी आहेस, तुझ्या जिभेला गोडी नाही, आणि आमच्या रीतीतलं तुला ओ की ठो कळत नाही. पण माझी नात जिवंत आहे, ती तुझ्या त्या कडीमुळं. चटया सोड. ही जागा माझ्या लेकींची, नातींची, आणि त्या सांगतील तोवर तुझी. उद्या मी जरी आले आणि माझं नाव कुणी सांगितलेलं नसलं, तर मलाही असंच हाकलून दे. फक्त आधी पाणी विचार. आता ही कोंबडी घे माझ्याकडून, केव्हाची चोच मारतेय मला."