सातव्या डब्यातले रीळ

मी सिनेमाचे एक जुने रीळ आहे. सातवे आणि शेवटचे. नुसते जुने म्हणून माझी ओळख करून देऊ नका, शेवटचे म्हणा, कारण माझा सगळा राग त्या शेवटावरूनच आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, पत्र्याच्या डब्यात पडून असलेल्या वस्तूला कसला आलाय राग! एखाद्याला गोष्टीचा शेवट सांगायला जन्माला घालायचे आणि ऐन वेळी त्याच्यावर झाकण लावून ठेवायचे, असे तीन वर्षे तुमच्या बाबतीत कोणी केले असते तर तुम्ही काय आरती ओवाळली असती?

माझा जन्म पुण्याकडचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. तेव्हा सिनेमे मुके होते. आमच्या सिनेमात भैरवसेन नावाचा एक क्रूर लढवय्या होता. तो गावे जाळत सुटलेला, समोर म्हातारा आहे की लेकरू, ते न बघता कापणारा. मग एके दिवशी जमीन फाटते आणि रेड्याच्या शिंगांचे काळे यमदूत वर येऊन त्याला म्हणतात, तुझी वेळ भरली. तो पळतो. जंगले, गुहा, कवट्यांचे डोंगर, सगळीकडे ते मागे असतातच. तलवारी, जाळपोळ, राक्षस, असला सगळा माल माझ्या सहा थोरल्या भावंडांच्या वाट्याला आला. माझ्यात एकही लढाई नाही. पण भैरवसेनाचे पुढे झाले काय, ते फक्त माझ्यात आहे. त्यासाठी त्या पैलवान नटाने खडकाळ माळावर तीन दिवस खरोखर खणले होते. थोरल्यांमधले रक्त रंगाचे पाणी होते. माझ्यात दिसणारे त्याच्या तळहातावरचे फोड खरे आहेत.

विठ्ठलराव नावाच्या एका तंबूवाल्याने आम्हा सातही जणांना विकत घेतले आणि बैलगाडीत घालून मोगलाईत आणले. निजामाच्या राज्याला तेव्हा सगळे मोगलाईच म्हणत. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायाने माझे झाकण उघडले, वास घेतला आणि तोंड वाकडे करून पुन्हा लावले. मोगलाईत माझे झालेले पहिले स्वागत हे असे.

आमचा तंबू बीड, केज, नांदूरघाट असा बाजाराच्या आणि जत्रांच्या गावी फिरे. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. अलीकडे पुरुष आणि यंत्र, पलीकडे बायका. पडदा पाण्याने ओलाचिंब केला की चित्र आरपार दिसे, म्हणून दर रिळाआधी त्यावर घागरी ओतायच्या. पलीकडे मात्र सगळे उलटे दिसे. उजव्या हाताने तलवार चालवणारा भैरवसेन बायकांना डावखुरा दिसायचा. पडद्यावरची अक्षरेही उलटी दिसत. पण ती वाचता येत होती कोणाला? दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात त्रिंबक नावाचा एक गडी पडद्याजवळ उभा राहून गोष्ट सांगायचा.

विठ्ठलरावाने विकत घेतानाच मला उलगडून पाहिले होते, आणि लढाया संपल्या की लोक जांभया देतात हे त्याला आधीच्या खेळांवरून ठाऊक होते. शिवाय दिव्याचे कार्बाइड वाचवायचे असे. झाले! त्याने पहिल्या खेळापासूनच मला वगळून टाकले. सहावे रीळ संपले, यमदूतांनी भैरवसेनाला घेरले आणि पडद्यावर काळोख झाला, की त्रिंबक आरोळी ठोकायचा, "धरला यमदूतांनी! टाकला उकळत्या तेलाच्या कढईत! तळून काढला! खेळ खलास!" लोक शिट्ट्या मारत. अरे, कोणी तळला त्याला? कधी तळला? मी शेजारच्या डब्यात जिवंत साक्षीदार बसले होते, आणि हा मनुष्य छातीठोकपणे लोणकढी थाप मारत होता! गंमत म्हणजे त्रिंबकाने मला कधी पाहिलेच नव्हते.

तीन वर्षे हे असे चालले. चौथ्या वर्षी घटस्थापनेनंतर नांदूरघाटच्या बाजारात एक माणूस खेळ संपल्यावरही जागचा हलला नाही. धिप्पाड अंग, पिकलेल्या मिशा. तो बंकट. तेलगावजवळच्या एका गढीवर तो जागीरदाराचा माणूस म्हणून होता. लोकांना वेठीला धरून न्यायचे हे त्याचे काम. कोणी नाही म्हटले की त्याच्या डाव्या हातातली काठी बोलायची. सगळा मुलूख त्याला डावऱ्या बंकट म्हणून ओळखे. ऐन पेरणीत तेलगावच्या धोंडीराम नावाच्या एका शेतकऱ्याने औत सोडून वेठीला यायला नकार दिला, तेव्हा बंकटने त्याला त्याच्याच वावरात मारले. आठव्या दिवशी धोंडीराम गेला. गढीच्या माणसाला कोण विचारणार? जागीरदाराने तर बंकटला फेटा बांधला. पण बंकटला त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. महिन्याभरात त्याने गढी सोडली आणि तेव्हापासून तो तेलगावची शीव चुकवत भटकत होता. हे सगळे त्याने स्वतःच त्रिंबकाला सांगितले, माझ्या डब्यावर बसून.

"मंग म्होरं काय झालं त्याचं?" त्याने विचारले.

"सांगितलं की. कढईत तळला," त्रिंबक म्हणाला.

"न्हाई. तुमी सा डबे लावले. मी मोजले. हितं सात हायती. सातव्यात काय हाय?"

मित्रांनो, चार वर्षांत माझी चौकशी करणारा हा पहिला माणूस! माझा आनंद काय सांगू? पण विठ्ठलराव मधेच म्हणाला, "त्यात लढाई न्हाई बाबा. नुसतं खणणं हाय."

"लढाई लई बघितली मी," बंकट म्हणाला. "असल्या माणसाला सुटका हाय का न्हाई, येवढंच बघायचंय."

विठ्ठलराव मोठा हिशेबी. त्याने मजुरीशिवाय राबणारा गडी ओळखला. म्हणाला, "तंबूचं काम कर. तेलगावच्या मुक्कामी दावतो सातवं." तेलगावचे नाव ऐकून बंकटचा चेहरा उतरला. मला वाटले, हा आता उठून जाणार. तो गेला नाही. पुढचे बावीस दिवस त्याने खांब वाहिले, मेखा ठोकल्या, पडदा भिजवायला नदीवरून घागरी आणल्या. रोज तो सहा रिळे बघायचा, रोज त्रिंबक त्याच्यासमोर भैरवसेनाला तळायचा आणि बंकट मुकाट्याने मेखा उपटायला लागायचा. मला त्या दोघांचा असा संताप येई, की आतल्या आत पेट घेईन असे वाटे.

तेलगावला तंबू गच्च भरला. पलीकडे बायकांत धोंडीरामाची विधवा दगडाबाई बसली होती. लढाया सुरू झाल्या. पडद्यावरच्या मिशाळ, धिप्पाड लढवय्याने डाव्या हाताने एका शेतकऱ्याला कापले, आणि दगडाबाई ताडकन उभी राहिली.

"आगं, ह्यो तर डावऱ्या बंकट! ह्यानंच मारलं माझ्या धन्याला! बघा, ह्येचं चित्र काढून आणलंय!"

बायकांना ते लगेच पटले. मोगलाईत असा डावखुरा मारेकरी दुसरा होता कोण? त्यांनी एकच गलका केला. अलीकडच्या पुरुषांना काही कळेना, कारण त्यांच्यापुढे तर भैरवसेन उजव्या हाताने तलवार चालवत होता. बंकट त्या बायकांसाठी नुसता पडद्यावरच राहू शकला असता, मित्रांनो. घागर खाली ठेवून तो तंबूच्या मागच्या फटीतून निघून गेला असता तर कोणाला कळलेही नसते. पण तो पडद्याला वळसा घालून बायकांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"मी पडद्यात न्हाई, बाई," तो म्हणाला. "मी हितं हाय."

मग पुरुष काठ्या घेऊन उठले. विठ्ठलरावाने यंत्र थांबवले आणि खेळ आवरायची खूण केली. त्रिंबक घाबरून ओरडला, "टाकला कढईत! तळून काढला! खेळ खलास, चला, चला घरी!"

"गप ऱ्हा!" दगडाबाईने त्याला असे झापले, की माझे चार वर्षांचे उट्टे निघाले. मग ती काठीवाल्यांकडे वळली. "कुनी हात लावू नका ह्येला. आधी त्या पडद्यावरल्याचं काय झालं ते बघू द्या मला."

"कढईत," त्रिंबक पुटपुटला.

"तू सांगू नगंस. दाव!"

"बाई, अजून एक डबा हाय," बंकट मान खाली घालून म्हणाला. "त्यात काय हाय ते मला बी ठावं न्हाई. तुज्या मनासारखं निघालं तर निघू दे."

विठ्ठलरावाची काय बिशाद नाही म्हणायची! राहिलेली रिळे कशीबशी उरकली आणि त्याने माझे झाकण उघडले. त्रिंबकाला माझ्यातले काहीच माहीत नव्हते, म्हणून त्याला तोंड मिटून उभे राहावे लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी पडद्यावर आले, आणि तेही कोणाच्या बडबडीशिवाय.

यमदूतांच्या वेढ्यातून भैरवसेन एका जळक्या गावात येतो. तिथे एकच बाई उरलेली असते. तो तलवार मोडून तिच्या पायांशी टाकतो आणि हात जोडतो. ती त्याला माफ करत नाही. ती बोटाने कोरडा माळ दाखवते, आणि तो विहीर खणायला लागतो. शिंगवाले येऊन बाईला विचारतात, याचे काम झाले का? झाले असेल तर आम्ही नेतो. बाई खड्ड्यात डोकावते आणि मान हलवते. नाही. ते परत जातात. दरवर्षी येतात, दरवर्षी ती मान हलवते. भैरवसेनाचे केस पांढरे होतात, हात फुटतात आणि तो खणतच राहतो. एवढाच शेवट.

यंत्राची खरखर थांबली. आता खरी वेळ होती. दगडाबाई बंकटकडे वळली.

"तुला तळायला पाह्यजे होतं," ती म्हणाली. "माझा जीव थंड झाला असता."

"व्हय, बाई."

"माफी माझ्याजवळ न्हाई. मागू नगंस. वावर हाय. जवारी पेरायची ऱ्हायलीय आन् औत धरायला मानूस न्हाई. सकाळी ये."

एवढे बोलून ती निघून गेली. लोकांनी काठ्या खाली केल्या. कोणी शिट्टी मारली नाही.

बावीस दिवसांच्या कष्टाबद्दल बंकटने विठ्ठलरावाकडे मला मागून घेतले. "ने बाबा, माज्या काय कामाचं," म्हणत त्याने मला देऊन टाकले. इतक्या सहज! आणि पुढच्या गावी त्या लोकांनी भैरवसेनाला पुन्हा तळायला सुरुवात केली, हे मी ऐकून आहे.

बंकटने बांधाच्या कडेला गवताची कोपी घातली आणि मला तिच्या आढ्याला टांगले. तिथून मला सगळे वावर दिसे. ज्या वावरात त्याने धोंडीरामाला मारले तेच ते. अकरा वर्षे त्याने ते नांगरले, पेरले, राखले. गढीवरून त्याला बोलावणी आली, मग धमक्या आल्या. एकदा चौघांनी येऊन त्याला बडवलेही. त्याने उलट हात उचलला नाही आणि औतही सोडले नाही. दगडाबाई रोज बांधावर भाकरी ठेवून जायची. त्याच्या हातात तिने ती कधी दिली नाही. त्याचे नाव तिच्या तोंडून कधी निघाले नाही. मला सुरुवातीला तिचा राग यायचा. मग वाटले, माझ्यातल्या बाईने तरी कुठे भैरवसेनाचे नाव घेतले होते?

अकराव्या वर्षी माघात बंकट अंथरुणाला खिळला. तीन दिवस भाकरी बांधावर तशीच राहिली. चौथ्या दिवशी दगडाबाई वाकून कोपीत आली. त्याची नजर दाराकडे होती आणि तो फार भ्यालेला होता. कोणाला, ते मला ठाऊक आहे.

"बाई," त्याने विचारले, "झालं का माझं काम?"

तिने दारातून वावराकडे बघितले. वरच्या अंगाचे दोन-चार धोंडे सोडले, तर वावर आरशासारखे लख्ख होते.

"न्हाई," ती म्हणाली. "वरल्या अंगाचे धोंडे कोन येचनार? इतक्यात कुठं निघालास, बंकट?"

त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली. तो दुपारी मेला. दगडाबाई थोडा वेळ बसली, मग माणसे बोलवायला गावात गेली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच वरच्या अंगाला धोंडे वेचताना मला दिसली.

आणि तुमच्या त्या मुलखात आजही काय सांगतात, ठाऊक आहे? म्हणे, डावऱ्या बंकटला भुतांनी धरला आणि झोडपून मारला! मित्रांनो, माझे अंग आता उलगडत नाही. वेढे एकमेकांना चिकटलेत, कोणत्याही यंत्रावर मी चढणार नाही. कोपी पडल्यावर ज्याच्या हाती लागले, त्याने माझ्या डब्यात बियाणे ठेवता येईल का तेवढेच पाहिले. माझी काळजी घ्या, असे मी आता कोणत्या तोंडाने म्हणू? पण त्याची घ्या. कोणी तुमच्यापुढे बंकटला भुतांच्या हाती द्यायला लागला, तर त्याला तिथेच थांबवा आणि सांगा, की शेवटच्या घडीला त्याच्या उशाशी दगडाबाई होती, आणि तिने त्याला नावाने हाक मारली होती.