गिरणीच्या डिस्कमधलं भूत

त्या गुरुवारी माधवनगरच्या गिरणीच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिली पाळी सुटलेली, दुसरी मागांवर जायचं सोडून इथंच खोळंबलेली, आणि मधोमध खुर्चीवर साताऱ्याकडून आलेले नाथाजी महाराज. अंगावर भगवी शाल, बोटांत चार अंगठ्या, पायांत नायलॉनचे मोजे. मोहमाया सोडलेल्या माणसाला नायलॉनचे मोजे कशाला लागतात, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"मानसिंग!" महाराज गरजले. "म्होरं ये. तुजा जन्म एक जूनचा. बाऽचं नाव सिद्धू. उजवा हात मोडलावता, दोन वर्सं झाली. खरं का खोटं?"

"खरं हाय, महाराज!" मानसिंगानं तिथंच लोटांगण घातलं.

"आन् तू रं, लाल टोपीवाल्या? तुजाबी एक जून. त्या मागच्याचाबी!"

"लय खरं हाय गड्या, दाखल्यावर ह्येच हाय," लोक एकमेकांना सांगू लागले. एका गिरणीत सत्तर-ऐंशी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली, याचं नवल करायचं सोडून हे शहाणे स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेत होते.

काँप्युटरच्या खोलीच्या दारातून आक्काताई हे बघत होती आणि तिच्या डोक्यात तिडीक जात होती. आटपाडीची ही मुलगी बी. कॉम. झाली, पुण्याला सहा महिने शिकली आणि गिरणीनं अठ्ठ्याहत्तर साली काँप्युटर घेतला तेव्हा ऑपरेटर म्हणून लागली. तिच्या बापानं छप्पन साली देव्हारा मोडला तो कायमचा. बुवाबाबांपुढं वाकायची सवय तिच्या पाठीला नव्हती.

महाराजांना बोलावलं होतं ते या काँप्युटरपायी. त्याची सगळी माहिती एका डिस्कवर साठायची. डिस्क म्हणजे परातीएवढ्या तबकड्यांची चवड, दुसरं काही नाही. दोन महिने झाले, ती सारखी भरायची. हजेरी चढवायला बसलं की यंत्र कागदावर छापून सांगायचं, जागा शिल्लक नाही. सुपरवायझर बाळासोनं शोध लावला की गिरणी बांधताना म्हसोबाचा दगड हलवला होता, तोच आत येऊन बसलाय. आणि मॅनेजर आप्पासो, इंजिनिअरची पदवी भिंतीवर टांगलेला माणूस, त्यावर मान डोलावून मोकळा झाला. पदवी भिंतीवरच राहिली होती, डोक्यात उतरलीच नव्हती.

मागच्या गुरुवारी महाराजांनी खोलीच्या बंद दारावर अंगारा फुंकला, "भरलंय ते सरू दे, बसलाय तो उठू दे," अशी आरोळी ठोकली आणि बाळासो आतून कागद नाचवत आला. जागा मोकळी झाली होती! लोकांनी टाळ्या पिटल्या, पेढे वाटले. आठ दिवसांत डिस्क पुन्हा गच्च भरली, म्हणून आज ही दुसरी फेरी.

"म्हसोबा उठलावता," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पर त्येला परत आत कोन घेतंय, ते दिसतंय मला. आत येक बाई बसती. तिची सावली यंत्रावर पडती. तिला काडा, जागा आपसूक हुईल."

सगळ्या माना दाराकडं वळल्या. आप्पासो घाम पुसत आला. "आक्काताई, तुम्ही काही दिवस रजेवर जा. लोकांचं समाधान होईल."

"आणि मग परत घेणार का, साहेब?"

आप्पासो खाली बघू लागला. नोकरी गेली, हे तिला कळलं. आटपाडीला दोघा भावांची शाळा तिच्या पगारावर चालली होती. तिला रडू आलं नाही, संताप आला.

"अर्धा तास द्या," ती म्हणाली. "डिस्कवर काय काय हाय त्याची यादी काढते. भूत असंल तर त्यात दिसंलच. मग खुशाल काढा मला."

यादी काढायचं काम सुपरवायझरचं, ऑपरेटरनं त्याला हात लावायचा नाही, असा बाळासोचा दंडक. तो तिनं दोन महिने निमूट पाळला होता, ही तिचीही चूकच. बाळासो आता आडवा आला. "आवं साहेब, पूजेत मोडता नगं!"

"मोडता कसला? महाराजांचं खरंच ठरंल की," आक्काताई म्हणाली. एवढ्या गर्दीपुढं महाराजांना नाही म्हणता येईना.

तिनं यंत्राला विचारलं, डिस्कवर काय ठेवलंय आणि कुणी किती जागा खाल्लीय? छपाईयंत्र कडकडलं. भला लांब कागद घेऊन ती बाहेर आली.

"ऐका. आत सव्वीस फायली हायत. पंचवीस गिरणीच्या, त्या सगळ्या मिळून निम्म्याबी न्हाईत. बाकीची जागा एकटी सव्विसावी खाती. तिचं नाव 'नाथ'. ती चढवणारे बाळासो. तिच्यात काय हाय, त्यातलंबी थोडं छापून आणलंय. मानसिंगदादा, जन्म एक जून. वडील सिद्धू. उजवा हात मोडला."

"ह्ये तर महाराज बोललं!" मानसिंग म्हणाला.

"पाठ करून आलं. नोकरीला लागताना तुमी शाळेचा दाखला दिला, हाताच्या वेळी दवाखान्याचा कागद दिला. ते बाळासोंनी उतरवून महाराजांस्नी पुरवलं. आता सांगा, तुमी खरंच एक जूनला जन्मला?"

मानसिंग डोकं खाजवू लागला. "न्हाई बा. आय म्हनती, माजा जन्म थंडीतला. शाळंत घालताना तारीख म्हाईत नव्हती, मास्तरनं एक जून लिवलं. सगळ्यांचंच तसं लिवत हुतं."

"मग अंतर्ज्ञान्याला थंडी दिसली न्हाई, आणि मास्तरनं अंदाजानं लिवलेली तारीख बरोबर दिसली?"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. महाराज शाल सावरत उठले. "नास्तिक बाई! भोगशील!"

"बसा महाराज, अजून यादी संपली न्हाई. गेल्या गुरुवारी जागा कशी झाली, तेबी हितंच हाय. गेल्या सालची सगळी हजेरी गायब हाय. त्या येळी आत एकटे बाळासोच हुते, त्यांनीच ती पुसली. त्या चमत्काराची बातमी साताऱ्यापतोर गेली, भक्त वाढलं, त्यांची माहिती 'नाथ'मधी चढली, आणि डिस्क पुन्हा भरली."

बदली कामगारांचे चेहरे पांढरे पडले. दोनशे चाळीस दिवस भरल्याचं दाखवलं तरच कायम होता येतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. "हजेरीचं कागदी मस्टर कपाटात हाय, म्हणून तुमी वाचलाय," आक्काताई म्हणाली.

महाराज मिळेल त्या एसटीनं गेले. बाळासोला आप्पासोनं त्याच दुपारी फाटकाबाहेर काढलं आणि आक्काताईला म्हणाला, "रजेचं राहू द्या. ती फाईल पुसून टाका." आक्काताईनं आधी ती पुरती छापली, गिरणीतल्या प्रत्येकाची ओळ कापून त्याच्या हातात दिली आणि मगच पुसली.

वाचकहो, यंत्र अडलं, जनावर आजारी पडलं, घरात धुसफूस झाली, तर अंगारा शोधू नका, यादी मागा. आत काय आहे, कुणी ठेवलं, कधीपासून, एवढे तीन प्रश्न विचारायला पैसा पडत नाही. न विचारण्याची किंमत मात्र तुम्हीच मोजता. माधवनगरच्या त्या शहाण्यांनी पहिल्या गुरुवारी टाळ्या पिटल्या, पेढे खाल्ले, तेव्हा बंद दाराआड त्यांच्याच वर्षभराच्या घामाचे दिवस एकेक करून पुसले जात होते.