फीत कापायच्या आधी

फीत कापल्याशिवाय बाईमाणसानं लघवीला जायचं नाय, हा कायदा कुणी काढला ते मला एकदा दाखवा.

मी सुलेखा. चितेगावहून रोज येते. शहराच्या अलीकडं हायवेला लागून नवं पर्यटक सुविधा केंद्र बांधलंय, तिथं ठेकेदाराकडून मी साफसफाईला आणि राखणीला. पुढचं दार हायवेकडं, प्रवाशांसाठी. मागचं दार नदीकाठच्या सायकल ट्रॅकवर. आत बाकडी, थंड पाणी, भिंतीवर वेरूळचे मोठाले फोटो आणि बायांसाठी वेगळे संडास, आरशासकट. सगळं दिवाळीपासून तयार. पण लोकार्पण झालं नाय म्हणून कुलूप. पाव्हण्यांची तारीख पडते, मांडव पडतो, पाव्हणे येत नायत, मांडव निघतो. आणि दारात उभी राहून बायांना नाय म्हणायला मी.

बरं, कुलूप सगळ्यांना असतं तर मी गप बसले असते. इथले कामावरचे साहेब अभय सर आणि त्यांची माणसं मागच्या दारानं तेच संडास वापरत्यात. फरशीवर बुटाचा चिखल करून जात्यात आणि पुसते मी. त्यांना फीत लागत नाय.

नौशीन म्हणून एक पोरगी ट्रॅकवर सायकल चालवायला येते, कॉलेजात शिकवते. ती रोज थांबून विचारायची, "सुलेखाताई, कब खुलनेवाला है ये?" मी म्हणायची, उद्या. एकदा ती म्हणाली, "तुमचा उद्या कयामतच्या दिवशीच उजाडणार." मला हसू आलं नाय. माझंच तोंड मला खोटं वाटायला लागलं होतं.

परवा सकाळी पुन्हा मांडव. पुढच्या दाराला लाल फीत, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, फोटोवाले हजर. पाव्हणे निघालेत म्हणून फोन आला. तेवढ्यात वैजापूरकडून आलेली जीप थांबली. आतून निशा नावाची सून उतरली आणि तिनं सासूला, गोजरबाईला, धरून उतरवलं. म्हातारीला शहरात हृदयाच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. लघवी होण्याची गोळी सकाळीच घेतलेली.

"ताई, हिला दम निघंना," निशा म्हणाली. गोजरबाई लुगडं मुठीत धरून खाली बघत उभी होती.

मी अभय सरांकडं गेले. ते म्हणाले, "थांबव थोडा वेळ. नायतर नदीकडं जा म्हणावं."

नदीकडं ट्रॅक, ट्रॅकवर सायकलवाले. रस्त्यापलीकडं ढाबा, तिथं नुसती गडीमाणसं. सत्तरीच्या बाईनं बसायचं कुठं, त्यांच्या मांडवात? माझं डोकंच फिरलं. मी म्हातारीचा हात धरला, मागं नेली, कुलूप काढलं आणि आत सोडली. फीत पुढच्या दाराला होती, तिला कुणी हात लावला नाय.

तेवढ्यात सायरन वाजला. अभय सर पळत मागं आले. उघडं दार बघितलं, दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप दाबून टाकलं.

"सर, आत बाई हाय."

"असू दे. कार्यक्रम होईस्तोवर आत बसू दे. आवाज करू नको म्हणावं."

आतून थाप पडली. मग आणखी एक, हळूच. मग गोजरबाईचा आवाज आला, "निशा, मला कोंडलं का गं? मी काय केलंय?"

निशा दाराला चिकटून रडायला लागली. पुढं ताशा सुरू झाला होता. नौशीन ट्रॅकवर सायकल धरून उभी, तिनं सगळं बघितलं. ती सरांना म्हणाली, "शरम करो." सरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाय. माझ्यापुढं हात पसरला.

"चावी दे सुलेखा. आत्ता उघडलंस तर उद्यापासून येऊ नको."

घरात माझाच एक पगार येतो, हे त्यांना माहीत हाय. म्हणून तर एवढ्या शांतपणे बोलले. मी त्यांना बाजूला सारलं आणि कुलूप उघडलं.

गोजरबाई बाहेर आली. तोंड धुतलेलं, पदर सरळ केलेला. साहेबांना बघून तिनं हात जोडले, म्हणाली, "चुकलं असंल तर माफ करा साहेब." कोंडलेली बाई कोंडणाऱ्याची माफी मागत होती. मला ते बघवलं नाय. मी तिचे जोडलेले हात धरून खाली घेतले.

मग कडीतलं कुलूप काढलं, ट्रॅकच्या कठड्याशी गेले आणि नदीत भिरकावून दिलं. पुढं फीत कापली असावी, टाळ्या पडत होत्या.

"चावी," अभय सर म्हणाले.

मी चावी त्यांच्या हातावर ठेवली. तोवर नौशीननं सायकल भिंतीला लावली होती. ती सरांच्या समोरून आत गेली.